पाळकसाहेबांचं न घेण्याचं वर्ष

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही माझ्या नवऱ्याने, एलिसाराने, राजधानीहून, आपियाहून आणली. सगळ्या बेटांवरचे पाळक सात दिवस तिथे जमले होते, ख्रिस्ती माणसाने द्यावं कसं याचं चिंतन करायला. चिंतन झालं, दोन्ही वेळा मटण झालं आणि निघताना प्रत्येकाला एकेक वही मिळाली. पहिल्या पानावर छापलंय, आज मी काय घेतलं आणि काय दिलं ते रोज लिहा. नवऱ्याने आपली वही मला दिली. म्हणजे त्याचं आजचं देणं उरकलं.

लिहायचं तर मी खरं लिहीन. उपकारांची यादी करायला बसले तर वही पुरायची नाही. पाळकाला पगार नसतो, गाव पोसतं. या गावात आम्हांला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात या घरात अन्न विकत आणलेलं मला आठवत नाही. माशांच्या डब्यांची चळत छताला टेकते. शाळेचं छप्पर गळतं, आमचं गळत नाही. मुलगी ऑकलंडला, मुलगा ब्रिस्बेनला, दोघांची शिक्षणं गावाच्या पाकिटांतून झाली. मी कधी मागितलं नाही. मागावं लागलंच नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एलिसारा म्हणाला, "फुआ, येत्या रविवारी मी मंडळीला सांगणार आहे. एक वर्ष या घरात काही घ्यायचं नाही."

"काही म्हणजे?"

"ताटं नाहीत, डबे नाहीत, पाकिटं नाहीत, चटया नाहीत. आपल्याला आणतात ते त्यांनी शेजारच्या गरजवंताला द्यावं. आपण नुसतं घेत राहिलो, तर देण्यावर बोलायचा मला काय अधिकार?"

"आणि आपण खायचं काय?"

"मी अळू लावीन."

मला हसू आवरलं नाही. चोवीस वर्षांत या माणसाने मातीला हात लावला तो फक्त मयतीला, खड्ड्यात मूठभर टाकण्यापुरता.

८ फेब्रुवारी, रविवार

झालं. सांगून टाकलं.

आधी नेहमीप्रमाणे चिटणिसाने देणग्यांची यादी वाचली, कुठल्या कुटुंबाने किती दिलं ते खणखणीत आवाजात. सर्वांत वर नाफातालीचं नाव. तो मुख्य डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी. दुकान त्याचं, बस त्याची, आणि गावाला वाटतं की थोडासा देवही त्याचाच. नाव वाचलं जात असताना तो मान खाली घालून बसतो, त्या नम्रतेसाठी घरी सराव करत असावा. शेजारी बायको तालिगी, डोक्यावरच्या टोपीवर अख्खी बाग.

मग एलिसारा उभा राहिला आणि आपलं न घेण्याचं वर्ष जाहीर केलं.

उपासना संपली की रविवारची ताटं आमच्याकडे येतात आणि डीकन मंडळी आमच्या ओट्यावर जेवतात. आजही बायका ताटं घेऊन आल्या. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, उन्हात, बावीस जणी. एलिसारा दारात उभा. "माफ करा, मी मघाशी सांगितलं. शेजारच्या घरी न्या."

कुणी हलेना. नाफाताली पुढे आला. "पाळकसाहेब, डुक्कर लहान पडलं का?"

"डुकराचा प्रश्न नाही, नाफाताली."

"मग कसला प्रश्न आहे? माझ्या बापाने पाळकाला ताट दिलं, आजोबांनी दिलं. परत आलेलं ताट घेऊन मी रस्त्याने कसा जाऊ, तेवढं सांगा."

एलिसाराने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात कधी ठेवू नये ते त्याला अजून कळलेलं नाही.

ताटं परत गेली. फक्त सिएनी राहिली. ती वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला एकटी राहते. अकरा वर्षांपूर्वी तिचा एकुलता मुलगा मासेमारीला गेला तो आलाच नाही. त्या वेळी एलिसारा नऊ दिवस तिच्या ओट्यावर बसून होता. तेव्हापासून दर रविवारी ती तीन पुरचुंड्या आणते. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दूध बांधायचं, तापल्या दगडांत भाजायचं. घरात पुरुष नाही, म्हणून भट्टीही तीच लावते. देणग्यांच्या यादीत तिचं नाव नसतं, कारण पाकिटात घालायला काही नसतं.

तिने पुरचुंड्या कुंपणाच्या खांबाशी ठेवल्या आणि निघाली. पाळकसाहेब धावत मागे गेले आणि त्या तिच्या हातात परत दिल्या. तिने घेतल्या. एलिसारा घरात येऊन म्हणाला, "तिलाच ते जास्त लागेल." चेहऱ्यावर असं तेज, जणू पाच हजार लोकांना जेवू घालून आलाय.

आम्ही डब्यातला मासा खाल्ला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाळकसाहेबांनी अळू लावलं. फावड्याच्या दांड्याने हाताला चार फोड आले, ते जेवताना मला दाखवून झाले, मग चिटणिसाला दाखवून झाले. अळकुडी धरायला आठ महिने लागतात. मी विचारलं, "ऑक्टोबरपर्यंत काय?" म्हणे, "देव बघेल." देव बघतोच आहे. बघून बाजूला तोंड करून हसत असेल.

मी धक्क्यावरच्या बाजारात गेले. पाळकीणबाई नीरफणस विकत घेतात हे पाहायला बायका टोपल्या टाकून आल्या. एकीने पैसे घेतले नाहीत, दुसरीने दुप्पट घेतले.

आता खरं लिहायचं म्हटलंय म्हणून लिहिते. काल दुपारी एलिसारा शेतात असताना तालिगी मागच्या दाराने आली. टोपलीत खारवलेलं मांस आणि एक मोठा मासा. "पाळकसाहेबांचं व्रत पाळकसाहेबांचं. तुम्ही कुठे शब्द दिलाय?" मला मुद्दा पटला. मासा मी तळला आणि एलिसाराला सांगितलं की विकत आणला. त्याने दोनदा घेतला आणि साध्या जेवणाच्या गोडीवर बोलला.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या गरजवंताला द्या, असं सांगणं सोपं. गरजवंत कोण? गेले दोन आठवडे गावात ताटं या घरातून त्या घरात फिरताहेत आणि ज्याच्या दारी ताट येतं त्याला राग येतो. चिटणिसाच्या आईने तर ताट आणणारीला विचारलं, "तुला आम्ही भिकारी दिसलो?"

आज नाफातालीने त्यावर कळस चढवला. सहा माणसं, वाशावर अख्खं भाजलेलं डुक्कर, पुढे शंख फुंकणारा. भर उन्हात देवळापासून वर सिएनीच्या घरापर्यंत. अर्धं गाव मागे, त्यात मीही. तिच्या ओट्यासमोर डुक्कर ठेवलं आणि नाफातालीने उभं राहून भाषण केलं. पाळकसाहेबांच्या आज्ञेवरून, गावातल्या सर्वांत गरीब घरासाठी. "सर्वांत गरीब" हे त्याने तीनदा म्हटलं.

आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही इथली रीत. सिएनी आत गेली. अंथरुणाखालून तिने आईच्या हातची चटई काढली. रेशमासारखी मऊ, विणायला दीड वर्ष लागलेली. तिच्या स्वतःच्या मयतीसाठी ठेवलेली, हे सगळ्यांना माहीत. तिने ती उलगडली, दोन्ही हातांनी नाफातालीसमोर ठेवली आणि मान लववली.

तो नको म्हणेल असं मला वाटलं होतं. एक क्षण त्यालाही वाटलं असावं. पण सहा माणसं बघत होती, शंखवाला बघत होता. त्याने घेतली.

मूर्ख बाई. कुणी सांगितलं होतं एवढं करायला? एखादी साधी चटई द्यायची. आणि हा डुकराचा व्यापारी तरी केवढा निर्लज्ज. घरी येऊन मी एलिसाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लोकांना देणं शिकायला वेळ लागेल." मी भांडी जोरात घासली.

संध्याकाळपर्यंत सिएनीने ते डुक्कर सात घरांत वाटून टाकलं. एक तंगडी आमच्या मागच्या दारी आली. मी घेतली.

८ मार्च, रविवार

सिएनी सलग चौथ्या रविवारी देवळात नाही. रुसली असेल. गरिबांना रुसण्याची चैन परवडते, आम्हांला नाही.

नवरा वाळत चालला आहे. त्याला साखरेचा आजार, गोळी कधी घेतो, कधी विसरतो. भेटेल त्याला सांगतो की आपण सकाळी फक्त अर्धा नीरफणस खातो. उपाशी माणसाने ढेकर देत फिरावं तसं आहे हे. शेजारच्या गावचे लोक आमच्या लोकांना बसमध्ये विचारतात, "काय, पाळकाने आज काय परत केलं?" नाफाताली हे मला मुद्दाम येऊन सांगतो.

तालिगीने आपणहून सांगितलं म्हणून कळलं, सिएनीची चटई न्यूझीलंडला गेली. नाफातालीच्या भाचीच्या लग्नात दिली. "फार कौतुक झालं तिथे," तालिगी म्हणाली.

२१ मार्च, शनिवार

आज सिएनीकडे गेले. दिव्यासाठी थोडं रॉकेल उसनं मागायला, असं मी वाटेत ठरवलं. आमच्याकडे वीज आहे.

ती ओट्यावर नुसती बसली होती. हात मांडीवर. मला पाहून उठली, बसायला चटई टाकली, शहाळं फोडून दिलं. मी प्यायले.

"देवळात दिसत नाहीस."

"पाय दुखतो."

ती रोज दोन मैल चालून लाकडं आणते. मग ती म्हणाली, "पाळकीणबाई, शनिवारी मी पानं खुडायचे. शिरा काढायच्या, नारळ खवायचा, दूध पिळायचं. पहाटे भट्टी. आता शनिवार आला की मला कळत नाही काय करावं."

"स्वतःसाठी कर आणि खा."

"एकटीसाठी कोण भट्टी लावतं?"

समुद्राचा आवाज तिथवर येतो हे मला माहीत नव्हतं.

"अलीकडे मीठ जास्त पडत होतं का?" तिने विचारलं.

"छे. छान असायच्या."

वहीत खरं लिहायचं ठरलंय. तिच्या पुरचुंड्या आम्ही कधीच खाल्ल्या नाहीत. बावीस घरांची ताटं, कोळंबी, डुक्कर, चिकन, त्यात त्या तीन काळपट पुरचुंड्या कोण उघडणार? दर रविवारी मी त्या मागच्या डुकरांना घालत असे. एलिसाराला माहीत नाही. त्याला वाटतं ताटात आलं ते सगळं डीकन खातात. यात माझं काय चुकलं ते मला अजून समजत नाही, अन्न वाया तर गेलं नाही.

६ एप्रिल, सोमवार

ईस्टरला देऊळ अर्धं रिकामं. आज गावसभेने पाळकसाहेबांना बोलावलं. काहींचं म्हणणं, असला पाळक नको, दुसरा मागवा. नाफाताली मधे पडला. सगळ्यांना वाटलं तो आगीत तेल ओतणार. तो म्हणाला, "पाळक देवाचा माणूस. त्याचा शब्द म्हणजे शब्द. त्याने घेणार नाही म्हटलं ना, मग आजपासून कुणीही त्या घरात काही न्यायचं नाही. चोरूनसुद्धा नाही. नेलं तर सभा दंड करील."

एलिसारा खूश होऊन घरी आला. "बघ, नाफातालीला शेवटी पटलं."

या माणसाने धर्मशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली आहे.

मागचं दार आज वाजलं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

तण कापताना कोयता एलिसाराच्या पायावर बसला. अंगठ्याच्या शेजारी, खोल. मी फडकं बांधलं. म्हणतो, "काही नाही, खरचटलंय." साखरेच्या माणसाचं खरचटणं.

२१ एप्रिल, मंगळवार

पाय काळा पडला आहे. वास येतो. ताप. त्याला उचलून गाडीत घालायला मी चिटणिसाला हाक मारली. तो आला, उचललं, इस्पितळाच्या दारात उतरवलं आणि उतरवताना इकडेतिकडे बघत होता, उचलणं दंडात बसतं का म्हणून.

२३ एप्रिल, गुरुवार

इस्पितळात औषध मिळतं, जेवण घरच्यांनी आणायचं. प्रत्येक खाटेभोवती नातेवाइकांचा मेळा, केळीची पानं, टोपल्या. आमची खाट मधोमध आणि भोवती कुणी नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारते, "हे पाळक ना? यांना मंडळी नाही?"

मी पाव विकत आणला. मुलीला फोन केला, ती पैसे पाठवते म्हणाली. पैसे आले की मी त्यांची चादर करून त्याच्या अंगावर घालीन. त्याच्या पायाशी माझ्या जागी तासभर बसायला माणूस हवा आहे, ते फोनवरून कसं पाठवणार?

चोवीस वर्षांत मी या गावातल्या किती खाटांशी बसले? मोजायला बसले. एक चिटणिसाची आई, एक तालिगी बाळंतपणात. पुढे आठवत नाही. एलिसाराच जायचा. मी म्हणायची, घरी आलेली ताटं घ्यायला कुणीतरी हवं.

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी अकराच्या सुमारास सिएनी आली. मळका झगा, डोक्यावर फडकं, हातात टोपली. गावातून नाफातालीची बस सुटते, तिने ती घेतली नाही. डोंगराच्या अंगाने चालत पलीकडच्या गावाला गेली आणि तिथून दोन बस बदलल्या. खाटेशी खाली बसली, टोपली उघडली. पेज, आणि तीन पुरचुंड्या.

एलिसाराला अजून थोडा ताप होता. त्याने मान हलवली. "सिएनी, मी मंडळीला शब्द दिलाय. या वर्षी आम्ही घेत नाही."

"शब्द तुम्ही दिलात. मी कुठे दिला?"

"तुला दंड होईल."

"माझ्याकडून काय घेणार आता?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. ती तशीच बसून राहिली, हातात वाडगा. आणि मला काय झालं कोण जाणे. चोवीस वर्षांत मी नवऱ्याशी लोकांसमोर आवाज चढवून बोलले नव्हते.

"इकडे वळा," मी म्हटलं. "पुरे झालं तुमचं. तुम्हांला द्यायचं कधी नव्हतंच. तुम्हांला फक्त कुणाचं काही देणं लागायचं नव्हतं. ती बाई दोन बस बदलून आली आहे आणि तुम्ही भिंत बघताय. उठून बसा आणि तोंड उघडा."

शेजारच्या म्हातारीने आपल्या सुनेला कोपराने ढोसलं. एलिसारा वळला. डोळे लाल. त्याने तोंड उघडलं आणि सिएनीने पेज भरवली, लहान मुलाला भरवतात तशी, हनुवटीखाली हात धरून. तो रडत होता आणि गिळत होता. पाळकाला शोभणारं ते दृश्य नव्हतं.

पुरचुंडी मी उघडली. मीठ जास्त होतं. धूर लागलेला. पण पानाची एकही शीर दाताखाली आली नाही. मी दोन खाल्ल्या.

नंतर ती नळावर वाडगा विसळत होती, तिथे मी गेले. मला गप्प बसता आलं असतं.

"सिएनी, तुझ्या पुरचुंड्या आम्ही कधी खाल्ल्या नाहीत."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या डुकरांनी. मला कुंपणाशी पाहिलं की धावत यायची. बाकीच्या बायकांकडे ढुंकूनही बघायची नाहीत."

तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"मग आणत का राहिलीस?"

तिने वाडगा झटकला. "पाळकसाहेब नऊ दिवस माझ्या ओट्यावर बसले. मी त्यांना पाणी विचारलं नाही. त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जा म्हटलं, शिव्या दिल्या. ते बसूनच होते."

याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध ते मला कळलं नाही. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "जाऊ द्या," आणि संध्याकाळपर्यंत एलिसाराच्या पायाशी बसली. मी चार दिवसांनी आडवी झाले.

९ मे, शनिवार

दोन बोटं काढली. पाय वाचला. सिएनी एक दिवसाआड येते. मागच्या आठवड्यात तिच्याबरोबर चिटणिसाची आई आली, परवा आणखी तिघी. सगळ्या डोंगराच्या अंगाने चालत, आणि प्रत्येकीने सांगितलं की आपण बहिणीला भेटायला निघालो होतो.

आज नाफाताली आला. सभेच्या वतीने, इस्त्रीचा शर्ट. खाटेशी उभा राहून म्हणाला, "पाळकसाहेब, सभा विचारते. तुम्ही आता घेणार की नाही? एक काय ते सांगा. बायका नियम मोडताहेत, मला रोज कुणाकुणाला दंड करावा लागेल."

त्याच्या बसमध्ये माणसं बसेनाशी झाली आहेत, हे त्याने सांगितलं नाही.

"घेणार," एलिसारा म्हणाला. "पण माझ्या घरी नाही. रविवारी मी एकेका घरी जाईन. तिथे जे शिजेल ते त्यांच्याबरोबर बसून खाईन. सुरुवात वरच्या अंगाच्या घरापासून."

नाफातालीने मिशी चोळली. "पाळक जेवायला निघाला तर पहिलं घर मुख्य डीकनाचं. मग कुठेही जा."

एलिसाराने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"ठीक आहे. पहिलं तुझं."

संतांनासुद्धा घासाघीस करावी लागते. मला त्या क्षणी नवरा बरा वाटला, बऱ्याच महिन्यांनी.

१७ मे, रविवार

कुबडी घेऊन व्यासपीठावर चढला. देऊळ भरलेलं. लोक उपदेश ऐकायला आले नव्हते, बोटं कशी गेली ते बघायला आले होते.

तो म्हणाला, "मी तुमची ताटं परत केली. मला वाटलं मी देतो आहे. घेणाऱ्याला खाली बसावं लागतं, ते मला नको होतं. माझ्यामुळे एका घरातून जे गेलं ते मला परत आणता येणार नाही. मी चुकलो." मग थोडा थांबला. "मला भूक लागली आहे. पुढच्या रविवारपासून मला जेवायला बोलवा."

यातलं अर्धं माझं आहे, इस्पितळात बोललेलं. माझं नाव घेतलं नाही. पण मागच्या बाकावर सिएनी होती, टोपी न घातलेली ती एकटीच. नाफातालीने मान खाली घातली होती, आणि या वेळी सराव केल्यासारखी वाटली नाही. तालिगी टोपीच्या आडून माझ्याकडे बघत होती. मी समोर बघितलं.

२४ मे, रविवार

नाफातालीकडे जेवलो. चौदा पदार्थ. तालिगी बसलीच नाही, वाढत राहिली. डुक्कर मोठं होतं.

३१ मे, रविवार

आज सिएनीकडे. उपासनेला ती होती, तिथून लगबगीने पुढे गेली. एलिसाराला कुबडी घेऊन चढ चढायला पाऊण तास लागला. आम्ही पोचलो तर भट्टीचे दगड तापलेले, पानं निवडून ठेवलेली आणि नारळ तसेच पडलेले. एकटीला उपासना आणि स्वयंपाक दोन्ही कसं जमणार? मला वाटलं, पाळक येणार म्हणून शेजारणींना बोलावलं असेल. कुणी नव्हतं.

एलिसारा ओट्यावर त्याच जागी बसला, जिथे नऊ दिवस बसला होता म्हणतात. मी त्याच्याशेजारी बसायला निघाले, पांढरा झगा सावरत.

"पाळकीणबाई," सिएनीने आतून हाक मारली, "नारळ खवा."

विनंती नव्हती. घरातल्या बाईने घरातल्या बाईला सांगावं तसं. चोवीस वर्षांत या गावात मला कुणी काम सांगितलं नव्हतं. एलिसाराने हसू लपवायला तोंड फिरवलं, ते मी पाहिलं.

मी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि खवणीवर बसले. खवणीचा पाट अरुंद, मी रुंद. पहिल्या नारळाला बोट कापलं. दुसऱ्याला कापलं नाही. तीन नारळ खवले, झगा चिकट झाला, घाम डोळ्यांत गेला, आणि करवंट्या मी तिच्यापुढे ठेवल्या, जरा तोऱ्यातच.

तिने एक करवंटी उचलून उजेडात धरली. मग दुसरी. ती माझ्या शेजारी बसली, खवणी आपल्याकडे ओढली आणि मी खवलेल्या सगळ्या करवंट्या पुन्हा खवल्या. माझ्याइतकंच खोबरं तिने त्यांतून आणखी काढलं.

"पुढच्या वेळी दाबून," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.